पाचवी बाटली

शुक्रवारी सकाळी अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या सुपरमार्केटात, ट्रॉलीत पाण्याचा खोका ठेवताना त्याचं प्लास्टिक फाटलं आणि एक बाटली निसटून फरशीवर फुटली. दीड लिटर पाणी. ते पांढऱ्या फरशीवरून मृणालिनीच्या चपलांखाली शिरलं, आणि ती काही म्हणायच्या आत निळ्या कपड्यांतला एक माणूस पोछा घेऊन हजर झाला. "नो प्रॉब्लेम मॅडम, नो प्रॉब्लेम," म्हणत त्याने दोनतीन हातांत फरशी कोरडी केली, पिवळी पाटी उभी केली आणि निघून गेला. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मृणालिनी ट्रॉलीची दांडी धरून तशीच उभी राहिली. पुसलं गेलेलं पाणी किती घोटांचं होतं हे तिच्या मनाने आपोआप मोजलं होतं. मोठ्या माणसाचे तीस घोट, लहान मुलाचे पन्नास. "मम्मा, कॅन वुई गो? इट्स जस्ट वॉटर," तेरा वर्षांची ईश्वरी फोनमधून डोकं न काढता म्हणाली. हो, पाणीच, मृणालिनी मनात म्हणाली, आणि दुसरा खोका उचलायला वाकली.

आज दुपारी थेरेसा आणि तिचा नवरा विल्फ्रेड जेवायला येणार होते. बुधवारी ते कायमचे वसईला निघत होते. विल्फ्रेडच्या भावाने तिथे लहानसं कॅटरिंग सुरू केलं होतं, मुलाला, क्रिस्टोफरला, सहावीत तिकडेच घालायचं ठरलं होतं. म्हणजे आजचा दिवस. थेरेसाला जे सांगायचं ते आज सांगायचं, नाहीतर पुन्हा कधीच नाही. मृणालिनीने ही गोष्ट सहा वर्षं पुढे ढकलली होती. प्रत्येक नाताळला, प्रत्येक गणपतीला, दोन्ही घरं एकत्र जेवत तेव्हा ती मनाशी म्हणे, आज. मग थेरेसा काहीतरी हसून बोले आणि मृणालिनीला वाटे, एवढं चांगलं चाललंय, कशाला. घरी आल्यावर तिने कोथिंबीर निवडायला घेतली, डाळिंब्या सोलल्या, नवऱ्याला, विजयकुमारला, दही आणायला पिटाळलं, आणि सगळा वेळ तिच्या डोळ्यांसमोर दोन हजार नऊचा जुलै होता.

त्या जुलैत ते दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि पार्किंगमध्ये धुळीने पांढऱ्या झालेल्या गाड्या दिसायच्या. मंदीत नोकरी गेलेला एकेक मालक विमानतळावर गेला तो परत आलाच नव्हता. कचऱ्याच्या पेटीशेजारी रोज नवा सोफा, नवं टेबल, एखाद्या बाळाचा पाळणा येऊन पडायचा. विजयकुमार ज्या टॉवरवर स्ट्रक्चरल इंजिनीअर होता त्याचं काम आधीच्या नोव्हेंबरातच सहाव्या मजल्यावर थांबलं. ऑफिस बंद झालं त्या दिवशी तो टॉवरचं मॉडेल घरी घेऊन आला. अ‍ॅक्रिलिकचा कमरेएवढा टॉवर, खाली जाड प्लायवूडचा चौरस, त्यावर चिमुकली खजुराची झाडं आणि चालणारी माणसं. "टाकून देत होते," एवढंच तो बोलला. ते मॉडेल हॉलच्या कोपऱ्यात उभं राहिलं आणि विजय त्याच्यासमोर बसून आठ महिने नोकरीचे अर्ज पाठवत राहिला. शेजारच्या बायका मुलांना घेऊन एकेक करून भारतात जात होत्या. पुण्याहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, "तू ईश्वरीला घेऊन ये, तो बघेल त्याचं." मृणालिनी म्हणाली, "आम्ही तिघं एकत्रच काय ते बघू." ती कधी एवढं ठाम बोलली नव्हती.

मग काम मिळालं ते लिवाच्याही पलीकडे, वाळवंटात, पाइपलाइनच्या एका कॉलनीत. तिथे साडेतीनशे पुरुष राहत होते आणि एकही बिऱ्हाड नव्हतं. घरं बांधून तयार होती पण बायकामुलं न्यायला कुणी धजत नव्हतं. त्याच कॉलनीच्या मेसमध्ये विल्फ्रेडला काम मिळालं, हा योगायोग नव्हता. विजयनेच त्याचं नाव पुढे केलं होतं. विल्फ्रेड समुद्रकाठच्या एका हॉटेलात शेफ होता, खालच्या मजल्यावर राहायचा, आणि गेल्या आठ महिन्यांत त्याने केलेल्या पावांवर आणि खिम्यावर अर्धी बिल्डिंग जगली होती. जवळ असेल ते वाटून टाकायचं हा त्याचा स्वभावच. थेरेसा कपाळाला हात लावायची. "ह्या माणसाच्या हातात भांडं दिलं की ते शेजाऱ्याकडनं परत आणावं लागतं," ती म्हणायची. दोन्ही घरांनी मिळून एक पिकअप ठरवली. तिचा चालक नूरुद्दीन, पेशावरकडचा, पिकलेल्या दाढीचा माणूस. सामान चढवताना मृणालिनी देव हातात घेऊन उभी होती, कुठे ठेवावेत कळेना. थेरेसाने तिच्या हातातला बाळकृष्ण घेतला, आपली मेरीमातेची मूर्ती घेतली, दोघांना टॉवेलांत गुंडाळलं आणि वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये ठेवून दार लावलं. "इथे धक्का लागायचा नाही," ती म्हणाली. त्या पहाटे मृणालिनी कितीतरी महिन्यांनी खळखळून हसली होती.

पुढे पिकअप, मागे विजयची जुनी गाडी. तिच्यात विजय आणि विल्फ्रेड पुढे, मागे दोघी आणि मधे मुलं. ईश्वरी सात वर्षांची, क्रिस्टोफर पाच. अबू धाबी मागे पडलं, तारिफ मागे पडलं, मदिनत झायेदच्या अलीकडे कामगारांची एक बस बंद पडून रस्त्याकडेला उभी होती. पन्नासेक माणसं बसच्या हातभर सावलीत पत्र्याला लागून उभी. विल्फ्रेडने गाडी थांबवायला लावली आणि बरोबर आणलेल्या पाण्याच्या दोन खोक्यांतला एक उचलून त्यांना देऊन आला. "लिवात घेऊ परत," तो म्हणाला. लिवात दुकान बंद होतं आणि उशीर झाला होता, म्हणून कुणी थांबलं नाही. मृणालिनीच्या मनात तेव्हा आलं होतं, थांबू या म्हणावं. ती बोलली नाही. लिवानंतर डांबर संपलं. साठ किलोमीटर खडीचा कच्चा रस्ता, दोन्हीकडे तांबूस वाळूचे डोंगर. अर्ध्या वाटेत वारा सुटला. आधी जमिनीलगत वाळूच्या बारीक रेषा सरपटत रस्ता ओलांडायला लागल्या, मुलांना गंमत वाटली. मग रेषा जाऊन नुसता पडदा राहिला. रस्ता कुठे आहे ते समोरच्या पिकअपच्या लाल दिव्यांवरून ओळखायचं. आणि नेमका तेव्हाच गाडीचा काटा लालमध्ये गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली.

विल्फ्रेडने रेडिएटरमध्ये एकामागून एक सात बाटल्या ओतल्या. पाणी खालून गळत होतं आणि वाळू ते पीत होती. "अरे बस कर!" विजय ओरडला तेव्हा तो भानावर आला. गाडी मागे दिसेना म्हणून नूरुद्दीन वळून परत येत होता, तेवढ्यात भरलेल्या पिकअपची मागची चाकं रस्त्याच्या कडेला वाळूत गेली. त्याने जोर दिला तशी आसापर्यंत रुतली. फोनला रेंज नव्हती. कॉलनीत निरोप होता तो 'आज किंवा उद्या येतील' असा, म्हणजे उद्यापर्यंत कुणी शोधायला निघणार नव्हतं. बारा वाजून गेले होते. बाहेर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश असेल. सगळे खाली उतरले, आणि मृणालिनी पाण्याचा खोका घ्यायला गाडीच्या डिकीशी एकटी गेली. विजयने लांबून विचारलं, "किती उरल्यात गं?"

पाच होत्या. तिने पाच पाहिल्या, बोटाने शिवून पाहिल्या. आणि ती म्हणाली, "चार."

पुढे कितीतरी वेळा तिने तो क्षण उलटसुलट करून पाहिला. आपण आधी ठरवलं आणि मग बोललो, की आधी बोललो? शब्द तोंडातून गेला तेव्हा तिचा हात पाचवी बाटली ओढणीत गुंडाळत होता, एवढं तिला आठवत होतं. चेहरा तिला आठवत होता तो फक्त ईश्वरीचा. क्रिस्टोफर तिथेच होता, ईश्वरीचा हात धरून उभा होता, पण आठवणीत तो दिसत नसे, आणि हेच तिला सगळ्यात भयंकर वाटे. मृणालिनी कधी खोटं बोलली नव्हती असं नाही. पाहुण्यांना, सासूबाईंना, शाळेत, सगळीकडे बायका बोलतात तेवढं ती बोलत आली होती. पण त्या खोटेपणाला वजन नव्हतं. हे दीड किलोचं होतं. ते तिने खांद्यावरच्या पिशवीत घातलं आणि पिशवी दिवसभर उतरवली नाही.

नूरुद्दीनने चाकांपाशी उकिडवं बसून पाहिलं आणि उठला. "रेतसे झगडा नहीं करने का, साहब. पहले सामान उतारो, सब. फिर टायर की हवा निकालो. फिर यल्ला, चलो." वाऱ्यात तिघे पुरुष सामान उतरवायला लागले. फ्रिज, पलंग, दोन घरांची दोन आयुष्यं वाळूत ओळीने उभी राहिली. थेरेसाने गाद्या मागितल्या, पिकअपच्या आडोशाला त्या उभ्या टेकवून भिंत केली आणि आत मुलांना घेऊन बसली. ओल्या टॉवेलाचं टोक ती दोघांच्या ओठांना लावायची, एकदा ईश्वरीला, एकदा क्रिस्टोफरला, अगदी मोजून सारखं. दोन तास गेले. तीन बाटल्या संपल्या. काम करणाऱ्यांना पाजावंच लागत होतं. विल्फ्रेड आपला वाटा घेतच नव्हता, नूरुद्दीनला देत होता, आणि थेरेसा त्याच्यावर ओरडत होती. मग क्रिस्टोफरला उलटी झाली. पुन्हा झाली. तिसऱ्या वेळी पोटातून काही आलं नाही, नुसता आवाज आला. त्याचे गाल लाल होते आणि कोरडे. चौथी बाटली थेरेसाने घोट घोट करून त्याला पाजली, तीही संपली. तो 'मम्मा, वॉटर' म्हणत राहिला, रडत नव्हता, एखादा शब्द पाठ करावा तसा म्हणत होता.

मृणालिनी हातभर अंतरावर बसली होती. पिशवी मांडीवर होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ईश्वरी अजून धड होती, पण तासाभराने तिचंही असंच झालं तर? हे मूल माझं नाही, असं तिच्या मनात आलं. शब्द अगदी स्पष्ट आले, मराठीत, तिच्याच आवाजात. तिला वाटलं आपण इथे पोचायलाच नको होतं, इथे माणसाला स्वतःचं काय काय दिसतं. मनगटावरच्या घड्याळात ती बघत होती. बावीस मिनिटं. तेवढ्यात ईश्वरी म्हणाली, "आई, गिव्ह हिम माइन." तिला बाटलीचं काही माहीत नव्हतं. आपल्या वाट्याचा ओला टॉवेल त्याला द्यावा एवढंच तिचं म्हणणं होतं. मृणालिनीने पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि म्हणाली, "ही बघ, खाली राहिली होती." थेरेसाने काही न विचारता ती घेतली.

पिकअप रिकामी झाली, हवा काढली, पण चाकं जागीच फिरत होती. खाली घालायला पक्कं काहीतरी हवं होतं. एका चाकाखाली पलंगाची फळी गेली. दुसऱ्यासाठी विजयने इकडेतिकडे पाहिलं, मग तो वाळूत उभ्या केलेल्या मॉडेलपाशी गेला. टॉवर दोन्ही हातांनी धरून त्याने पाय लावला आणि तो तळापासून उखडला. झाडं उडाली, माणसं उडाली. तो प्लायवूडचा चौरस घेऊन येऊन गुडघ्यांवर बसला आणि चाकाखाली हातांनी ठोकून बसवला. "सहा मजले ह्याच्यावर उभे केले होते," तो कुणाला तरी म्हणाला, "ही एक गाडी उचलायला काय हरकत आहे." नूरुद्दीनने बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली. लाकूड कडाडलं, चाकाने पकड घेतली आणि पिकअप धापा टाकत रस्त्यावर आली. मृणालिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तोंडभर वाळू, आणि तो हसत होता. आठ महिन्यांत तिने त्याला असं पाहिलं नव्हतं.

सामान तिथेच सोडलं. दोघी आणि मुलं केबिनमध्ये, विजय आणि विल्फ्रेड मागे गादीवर. सूर्य टेकायला आला तेव्हा वारा पडला आणि पुढे कॉलनीची टाकी दिसली. फाटकापाशी कामावरून परतलेले शेदोनशे पुरुष उभे होते. गाडीतून आधी ईश्वरी उतरली, मग थेरेसाच्या कडेवरून क्रिस्टोफर, आणि सगळे एकदम गप्प झाले. त्यांच्यातल्या कित्येकांनी दोन-दोन वर्षं लहान मूल पाहिलं नव्हतं. तय्यब नावाचा कॅम्प बॉस पुढे आला. त्याच्या हातात ताकाचा, तिथल्या लबानचा, मोठा जग होता. तो क्रिस्टोफरसमोर खाली बसला, पेला भरला, आणि पोराने तो दोन्ही हातांनी धरून गटागटा पिऊन रिकामा केला. "और?" तय्यबने विचारलं. "मोर," क्रिस्टोफर म्हणाला. गर्दीत कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. दुसऱ्या दिवशी लोडर पाठवून सामान आणलं. एक चमचासुद्धा हरवला नव्हता. ड्रममधून देव निघाले ते टॉवेलांत तसेच, वाळूचा कण न लागता.

त्या कॉलनीत त्यांची तीन वर्षं गेली, आणि चांगली गेली. त्यांच्यामागोमाग वर्षभरात आणखी अकरा बिऱ्हाडं आली. विजयला पुढे अबू धाबीत काम मिळालं, विल्फ्रेडलाही. सगळं सुरळीत झालं, आणि म्हणूनच ती बावीस मिनिटं कुठे ठेवावीत हे मृणालिनीला कधी कळलं नाही.

जेवणं झाली, पुरुष आणि मुलं बाहेर टीव्हीसमोर बसली. पाहुण्यांना वाढण्यात मृणालिनी स्वतः जेवायची राहिली होती. थेरेसा स्वयंपाकघरात भांडी घासायला हातात घेत होती. मृणालिनीने नळ बंद केला.

"थेरेसा, त्या दिवशी बाटल्या चार नव्हत्या."

थेरेसाने तिच्याकडे पाहिलं. कुठला दिवस, असं तिने विचारलं नाही. "पाच होत्या," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी गाडीच्या आडून बघत होते ना. तू ओढणीत घातलीस ती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू कशाला? अगं, आमच्या ह्याला तू ओळखत नाहीस? तू पाच म्हणाली असतीस तर पाचवीपण त्याने दुपारी एकलाच वाटून टाकली असती. मला तर इतकं बरं वाटलं. म्हटलं, एक बाटली तरी शहाण्या बाईकडे आहे. सगळी दुपार मी त्या बाटलीवर काढली, मृणाल. पाणी संपलं असं मला एकदाही वाटलं नाही."

"मी ती सगळ्यांसाठी नव्हती ठेवली," मृणालिनी म्हणाली. हे तर सांगायलाच हवं होतं, नाहीतर पुन्हा एक खोटं झालं असतं. "ईश्वरीसाठी ठेवली होती. क्रिस्टोफर पाणी मागत होता आणि मी बावीस मिनिटं नुसती बसून होते. घड्याळ बघत होते."

साबणाचा हात थेरेसाने पदराला पुसावा तसा कुर्त्याला पुसला. "ईश्वरीसाठी ठेवलीस तेपण मला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. "माझ्या हाती लागली असती तर मी क्रिस्टोफरसाठी ठेवली असती. आणि घड्याळ काय तू एकटीच बघत होतीस? अंधार पडायला पाच तास होते. ते लोक गाडी काढतील की नाही कुणाला ठाऊक. मी मनात म्हणत होते, अजून नको काढू गं बाई, अजून थोडी थांब. मग तू काढलीस. म्हटलं, लवकर काढली हिने."

"लवकर?"

"लवकर."

मृणालिनी हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. आवाज मोठा झाला असावा, कारण बाहेरून विजयने "काय झालं गं?" असं विचारलं, आणि थेरेसानेच "काही नाही, आमचं चाललंय," म्हणून त्याला गप्प केलं. सहा वर्षं ती बावीस मिनिटं तिने एकटीनेच बसून काढली असं तिला वाटत आलं होतं. शेजारी हातभर अंतरावर दुसरी बाईही तीच मिनिटं मोजत होती, आणि ती जास्त मोजायला तयार होती. मृणालिनीने केलं ते केलंच होतं. ते काही पुसलं गेलं नाही. पण खांद्यावरून काहीतरी उतरलं, आणि त्या जागी, इतक्या साध्या गोष्टीचं तिलाच नवल वाटलं, सपाटून भूक लागली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

तिने स्टूल ओढलं आणि ओट्यापाशीच बसली. "उसळ उरलीय का बघ," ती थेरेसाला म्हणाली. "आणि भात घाल. जास्त घाल."